रिकाम्या जीपचं वजन

असे अनुभव कोणी सांगायला लागलं की मी आधी सांगणाऱ्याकडेच संशयाने बघते. तुम्हीही खुशाल माझ्याकडे तसं बघा. मी चंद्रपूरला शाळेत इंग्रजी शिकवते, भुताखेतांना माझ्या डोक्यात कधीच जागा नव्हती.

नव्वदच्या दशकाचा शेवट, हिवाळा. धाकटा भाऊ सलीम भाड्याने जीप चालवायचा, घर त्या जीपवरच चालायचं. एका परदेशी पाहुण्याला हेमलकशाकडचं जंगल बघायचं होतं. त्याला मराठी येईना, सलीमला इंग्रजी... म्हणून मधे मी.

परतताना, आलापल्लीच्या अलीकडे, एका गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली जुने कोरीव दगड दिसले. गावातले लोक तिथे आपल्या पूर्वजांना पुजतात. पाहुण्याने फोटो काढले, आम्ही डबा खाल्ला आणि निघालो.

थोडं पुढे गेलो तोच सलीमने गाडी थांबवली आणि खाली वाकून बघितलं.

"आपा, गाडी बसून राह्यली. मागचे स्प्रिंगचे पाटे पार दबले."

माणसं तीन, बॅगा दोन. आणि जीप अशी, की मागे अख्खं वऱ्हाड कोंबलंय!

"समोर जंगलाचा नाका हाय. असी गाडी दिसली तं म्हनतीन सागवान भरलं. सारं सामान उघडून पायतीन."

मी पाहुण्याकडे बघितलं. त्याने बॅग मांडीवर घट्ट धरली होती. इतकी घट्ट कशाला? म्हटलं, उघडा. तो हसला. मी हसले नाही. टॉवेलमध्ये गुंडाळलेला, तळहाताएवढा दगडी घोडेस्वार निघाला.

"नुसता पडलेला दगड होता," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. त्याला सुनावलं — शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू देशाबाहेर नेणं इथे गुन्हा आहे. विमानतळावर सापडलात तर तुम्ही आत, आणि नाक्यावर सापडलात तर ही जीप जप्त आणि माझा भाऊ आत! त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

गाडी वळवली. पाहुण्याने स्वतः दगड जागेवर ठेवला. मी पाट्यांकडे बघत होते... जीप जराही वर आली नाही.

"अजून काय घेतलंय?" मी ओरडले.

त्याने दोन्ही बॅगा रस्त्यावर रिकाम्या केल्या. कपडे, कॅमेरा, औषधं. बिचारा रडकुंडीला आला, तरी माझा विश्वास बसेना.

"आपा... त्याले नको बोलू." सलीमने ड्रायव्हर सीटखालची पान्यांची पिशवी ओढली. आतून सूर्य-चंद्र कोरलेला एक तुकडा काढला. "म्हटलं, पुढच्या पाहुण्याले इकू."

एक कानाखाली ओढावीशी वाटली. नाक्यावर मी परक्या माणसाकडे बोट दाखवत बसले असते, आणि बेड्या माझ्या भावाला पडल्या असत्या.

सलीमने तुकडा झाडाखाली ठेवला. जीप करकरली... आणि मागून हळूहळू वर आली. तिघांनीही पाहिलं. नाक्यावर शिपायाने नुसता हात हलवला.

चंद्रपूरला मिस्त्रीने मागचा एक पाटा तडकलेला दाखवला. "काऊन भाऊ, गडचांदूरचं सिमेंट भरलं होतं काय?"

पाटा तडकला तर गाडी बसते, मान्य. पण मग ती आपोआप उठते कशी? दोन्ही दगड मिळून ओंजळीत मावले असते. बाकीचं वजन कशाचं होतं, मला आजवर कळलेलं नाही.

सलीमच्या गाडीत बसायच्या आधी मी अजूनही वाकून पाटे बघते. तो गुपचूप आपली सीट उचलून दाखवतो.