टीव्हीचा खटका

काल अमरावतीच्या पंपावर शेजारच्या ट्रकमध्ये डिझेल भरताना थोडं सांडलं, आणि त्या वासानं मी थेट आमच्या अकोल्याच्या घरात पोचले.

बाबा ट्रक ड्रायव्हर. त्या दुपारी आठ दिवसांनी घरी आले होते. आंघोळ झाली तरी अंगाचा डिझेलचा वास गेला नव्हता. ते जेवत असताना टीव्हीवर एड्सची जाहिरात लागली. तिच्यातला ड्रायव्हर अगदी बाबांसारखा, गळ्यात दुपट्टा टाकलेला. बाबांचा घास हातातच राहिला. मी सातवीत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन मी खटका बंद केला.

"राहू दे ना वं," बाबा म्हणाले, "पाहून राहिलो होतो मी."

"पोरीसमोर काय पाहता असलं?" आई म्हणाली.

बाबांनी हातातला घास तोंडात घातला. घराची अब्रू मी राखली, असं मला वाटलं होतं.

त्याच रोगानं पुढे दोघंही गेले.

दवाखान्यात डॉक्टर बाबांवर चिडले होते, "टीव्हीवर इतकं दाखवतात, कधी पाहिलं नाही?"

मी खाटेशी उभी होते. बाबांनी माझा हात धरला.

"आमच्या घरी टीव्हीच नाई, साहेब."