बाप्पाची बादली

कोलकात्यातल्या बेहाला भागात आमच्याच इमारतीत शकुन राहते. अकरा वर्षं ती डास-निर्मूलनाच्या पथकात काम करते. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा पांढरा डाव. शेजाऱ्यांची नावं ती विसरेल, पण कुणाच्या फ्रिजमागे पाणी साचतं ते विसरत नाही. डेंग्यूचा पट्टेरी डास मूळचा आफ्रिकेतला, जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पसरला, असं सांगून ती हसते. आपल्यासारखाच, म्हणते, बाहेरून आला आणि इथलाच झाला.

तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, नूपुरला, दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. दुसऱ्यांदा झाला तर तो जिवावर बेतू शकतो, हे शकुन रोज दारोदार सांगते. घरात मात्र ती हा विषय काढत नाही.

नूपुर बंगाली फाडफाड बोलते, मराठी अडखळत. म्हणून शाळा सुटली की ती तिसऱ्या मजल्यावरच्या दिनकरकाकांकडे जाते. काका बँकेतून निवृत्त झालेले, आता एकटेच. दोघं बाल्कनीत बसून गोष्टी वाचतात. काकांचाही दिवसभराचा बोलण्याचा कोटा त्या तासातच संपतो.

काकांचा गणपती शाडूचा, दीड दिवसाचा. विसर्जन बाल्कनीतल्या बादलीत. ती बादली अनंत चतुर्दशीपर्यंत हलवायची नाही, मग ते पाणी जास्वंदीला घालायचं, ही काकू होत्या तेव्हापासूनची रीत.

गेल्या वर्षी विसर्जनाला आठ दिवस झाले होते. नूपुरला न्यायला आलेल्या शकुनने सवयीने वरची फुलं सारली आणि टॉर्च मारला. माती तळाशी बसून पाणी निवळलं होतं, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

हे आजच ओतायला हवं, असं ती म्हणाली तेव्हा काका दुखावले. देवाच्या पाण्यात कसले डास, आणि एक दिवस तर उरलाय, असं त्यांचं म्हणणं. शकुनने वाद घातला नाही. डावभर पाणी घेऊन तिने त्यांच्याच वाचायच्या भिंगाखाली धरलं. काही अळ्यांचे कोश झाले होते. काका बराच वेळ वाकून बघत राहिले.

"यांना उद्या पंख फुटतील," शकुन म्हणाली. "पाणी जास्वंदीलाच घाला काका, पण आज. नाहीतर उद्यापासून मला नूपुरला वर पाठवता येणार नाही."

काकांनी पुस्तक मिटून बसलेल्या नूपुरकडे पाहिलं आणि बादलीची कडी धरली. दुसरीकडून नूपुरने हात लावला. कोरड्या मातीत पाणी जिरलं, अळ्या तिथेच संपल्या.

मग काका बादली तशीच माळ्यावर ठेवायला निघाले. बाप्पाची बादली, ती कधी घासलेली नव्हती. शकुनने ती काढून घेतली. डासाची अंडी कडेला चिकटतात, कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात, हे तिने सांगितलं. समया घासायचा काथ्या काकांनी स्वतःच आणून दिला.

पुढचे पंधरा दिवस शकुन रोज सकाळी नूपुरच्या कपाळाला हात लावून बघत होती. ताप आला नाही.

यंदा मराठी मंडळाच्या ग्रुपवर काकांचा निरोप आला: विसर्जनाचं पाणी दुसऱ्याच दिवशी झाडांना घालावं, बादली घासून ठेवावी. तो टाइप नूपुरने केला होता. तरी शकुन टॉर्च घेऊन वर गेलीच. बादली घासून उन्हात पालथी घातलेली होती.

"नीट तपास बाई," काका म्हणाले, "माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे."