कॉक्सचा डबा

शर्वरीताईनं माझा डबा मागितला नाही. घेतला.

सकाळचा सराव संपवून आम्ही धरणाकाठी बोटहाउसच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिनं झाकण उघडलं. आत नागलीचे, म्हणजे नाचणीचे लाडू. आईनं केलेले. तिनं एक उचलला, वास घेतला, नाक मुरडलं.

"हे काय गं? शेणाचे गोळे?"

सगळ्या हसल्या. मग ती उठली आणि एकेक लाडू पाण्यात फेकत गेली. "घ्या रे माशांनो, आज जंगलातला मेनू." शेवटचा लाडू तिनं मैदानावर चेंडू टाकतात तसा हात फिरवून टाकला. रिकामा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

हसणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगते. दात काढून हसत होते मी. आईचे लाडू बुडत होते आणि माझे दात दिसत होते.

आमच्या कॉलेजचा रोइंगचा क्लब नाशकात जुना मानतात. मी मुलींच्या बोटीची कॉक्स. वल्हवणाऱ्या चौघी मागं तोंड करून बसतात, पुढं काय आहे ते त्यांना दिसत नाही. दिसतं फक्त कॉक्सला. ती सुकाणू धरते आणि ओरडून ताल देते. ती वल्हवत नाही, म्हणून ती जितकी हलकी तितकी चांगली. मी लहानखुरी. आवाज मात्र डोंगरातला, या टेकडीवरून त्या टेकडीवर बकऱ्या हाकणारा. क्लबच्या सरांनी मला वसतिगृहाच्या मैदानावर ओरडताना ऐकलं आणि बोटीत बसवलं. किती आनंद झाला होता मला! पेठकडच्या पाड्यावरची पोर, आणि कॉलेजच्या टीशर्टवर.

शर्वरीताई आमची कॅप्टन, आणि क्लबची एक परंपरा होती. सीझन सुरू झाला की कॉक्सचा डबा कॅप्टन उघडणार. काय खायचं, किती खायचं, कॅप्टन सांगणार. उरलेलं काढून घेणार. पहिल्या कॅप्टनपासून चालत आलंय म्हणे. परंपरा म्हटलं की झालं. मग कुणी विचारत नाही.

नियमात कॉक्सचं कमीत कमी वजन ठरलेलं असतं. त्याच्याखाली गेलीस तर वाळूची पिशवी घेऊन बस, पण वर एक घाससुद्धा नको. दिवाळीला घरी जाऊन आले तर मी थोडी वर गेले होते. भात, उडदाचं घट्ट भुजं, आईच्या हातचं. शर्वरीताईनं वजनकाट्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली,

"तुम्हां लोकांना उपाशी राहायची सवय असते ना? मग तुला काय जड जाणार आहे."

अगदी सहज म्हणाली. चिडून नाही. ती चिडून म्हणाली असती तर मी कदाचित तेव्हाच भांडले असते.

तिच्या घरची द्राक्षबाग. माझी आई तिच्या बागेत नव्हती, निफाडकडं दुसऱ्या कुणाच्या बागेत होती. पण बाग ती बागच. सकाळपासून हात वर करून घडांतले मणी काढायचे, संध्याकाळी खांदे खाली येत नाहीत. आमच्या डोंगरात भात कापून झाला की अर्धा पाडा बागांवर उतरतो. ते लाडू आईनं बागेच्या कडेला, प्लास्टिकच्या कागदाखाली, तीन दगडांच्या चुलीवर केले होते.

लाडू पाण्यात गेले त्या रात्री आईचा फोन आला.

"लाडू कसे झाले?"

"लय भारी."

"पोरींना दिलेस का?"

"दिले."

"आवडले?"

"संपले पण."

ती इतकी खूश झाली की शेजारच्या बाईला मोठ्यानं सांगितलेलं मला फोनमध्ये ऐकू आलं. "कालेजातल्या पोरींनी माझे लाडू संपवले गं!" मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नळ यासाठी की वसतिगृहात रडण्यावरही चर्चा होते.

पुढचे आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी ताक, दुपारी अर्धी पोळी, रात्री काकडी. त्या चौघी माझ्यासमोर उकडलेली अंडी सोलायच्या, केळी खायच्या, पनीर खायच्या. त्यांना ताकद लागते, बरोबर आहे. मला फक्त हलकं असणं लागत होतं. आई विचारायची, "खाल्लंस का?" मी म्हणायची, "खाल्लं." खोटं बोलायला सुरुवातीला जीभ अडखळते, मग ती आपली आपण चालते.

चौघींत एकटी काजल माणसातली होती. निफाडची. बाप दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. तिला पोलिसात जायचं होतं. खेळाच्या कोट्यातून भरतीला उभं राहायचं, त्यासाठी पदक पाहिजे होतं. तिची ही शेवटून दुसरी संधी. लाडवांच्या दिवशी तीही हसली होती. पण नंतर बोटी धुताना तिनं माझ्या हातात अर्धं केळं कोंबलं. "खा गं, कोन बघतंय. हाडं दिसाया लागली तुझी." ते केळं मी कोपऱ्यात तोंड घालून खाल्लं, चोरासारखं.

एकदा चक्कर आली म्हणून मला बोटहाउसमध्ये बसवलं. भिंतीवर जुन्या टीमचे फोटो. मागं चौघी उंच, वल्ही उभी धरलेल्या. पुढं जमिनीवर मांडी घालून एक बारकी. प्रत्येक फोटोत तशीच. मी तोंडं बघत गेले. गालाची हाडं, नाकं, कपाळावरचं गोंदण. एक तर आमच्या शेजारच्या पाड्यावरची निघाली. कॉलेज अर्ध्यावर सोडून आली होती, का ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. उंच पोरी दर वर्षी वेगवेगळ्या घरच्या. बारकी मात्र आमच्यातलीच. तरीही दुसऱ्या दिवशी मी डबा शर्वरीताईच्या हातात दिला. माझी मलाच लाज वाटली, पण दिला.

शर्यतीच्या दिवशी आई आली.

मी बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती येऊ नये असंच मनात होतं. खाडा करून, दोन बस बदलून आली. नवं लुगडं, बोटांना द्राक्षाच्या औषधाचे डाग तसेच. मांडवामागच्या झाडाखाली बसली आणि पिशवीतून डबा काढला. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, वर खुरासणीची चटणी.

"तू खाल्लंस का?" मी विचारलं.

"खाऊन निघाले ना."

तिनं खाल्लेलं नव्हतं. मला कळलं, कारण तसंच मी तिला रोज सांगत होते. त्याच सुरात. तेवढ्याच पटकन. हे खोटं मी तिच्याकडूनच शिकले होते. तिनं माझ्यासाठी उपास काढले. आणि मी? मी शर्वरीताईच्या बोटीसाठी.

तेवढ्यात शर्वरीताई आली, मागं बाकीच्या तिघी. हात पुढं केला. "डबा."

आईला वाटलं, पोरगी भुकेली आहे. तिनं हसून डबाच पुढं केला. "घे की बाय, तूपण खा. त्या दिवशी लाडू आवडले ना तुम्हाला? आता परत करीन."

काजल जमिनीकडं बघत होती. शर्वरीताईनं डब्याला हात लावला, तसा मी तो ओढून घेतला.

"सोड. हा माझा डबा आहे."

"वजन व्हायचंय अजून. एक घास खाल्लास तर बोटीत बसायचं नाही."

"मग तूच चालव बोट. मागं बघत."

माझ्याशिवाय दुसरी कॉक्स नव्हती. तिला ते माहीत होतं, मलाही. मी आईशेजारी मांडी घातली, भाकरी मोडली, अर्धी तिच्या हातात दिली. "खा. तू खाल्लेलं नाहीस." ती गोंधळली, मग खाऊ लागली. आम्ही दोघी त्या चौघींच्या समोर पोटभर जेवलो. डब्याला लागलेली चटणी बोटानं पुसून खाल्ली.

आणि आम्ही हरलो.

पहिल्या तिघांना पदक होतं. आमचा चौथा नंबर. शेजारच्या बोटीचं नाक हातभर पुढं होतं. त्या दिवशी माझा आवाज कधी नव्हता इतका खणखणीत होता, सुकाणू सरळ होतं. तरी हरलो. शर्वरीताईनं वल्हं आपटलं. सर मला म्हणाले, "वरिष्ठांचं ऐकायचं असतं." त्यांचं मला काही वाटलं नाही. काजलचं वाटलं. ती काठावर ओल्या कपड्यांत बसली होती, दाताखाली ओठ धरून. मी जवळ गेले.

"तुझ्या आईची भाकरी मला लय महाग पडली," ती म्हणाली.

अर्धं केळं देणारी पोर ती. भाकरीनं हरलो का? काय माहीत. हातभर अंतर म्हणजे एक भाकरी का दोन, हे कुणाला सांगता यायचं? नसेलही. असेलही. बसमध्ये पोलिसातली बाई दिसली की माझी नजर खाली जाते.

आईला मी लाडवांचं खरं सांगितलं. तिनं लुगड्याचा काठ नीट केला आणि बस किती वाजता आहे ते विचारलं. त्यानंतर तिनं लाडू केलेले नाहीत. मी मागितले तर म्हणते, "नागली संपली." नागली संपलेली नसते.

शर्वरीताई पास होऊन गेली. या दसऱ्याला वल्ह्यांची पूजा झाली, झेंडू वाहिले, नारळ फुटला. कॅप्टन काजल. शेवटचं वर्ष, शेवटची संधी. कॉक्स मीच, माझ्यासारखा आवाज त्यांना मिळाला नाही. प्रसाद वाटून झाल्यावर काजल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं हात पुढं केला.

"डबा दे."

"काजल, तूसुद्धा?"

"मला पदक पायजे. तू माझं देणं लागतीस."

लागते. ती खोटं बोलत नव्हती. दुसरं काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. तिच्या वाटच्या बोटी धुतल्या असत्या, वर्षभर तिची बॅग उचलली असती. क्षणभर माझा हात खरंच डब्याकडं गेला.

"तुझं पदक माझ्यामुळं गेलं असेल," मी म्हणाले. "त्याचं मला रोज वाईट वाटतं. पण डबा देणार नाही. तुला तर नाहीच नाही."

तिचा हात तसाच पुढं होता. मी तिच्यासमोर झाकण उघडलं, भाकरी मोडली आणि खायला लागले. या वर्षी परत हरलो तर ती मला जन्मभर माफ करणार नाही, हे मला माहीत आहे. नको करू दे. मी बोटीत बसणार ती जेवून बसणार. आणि माझ्यानंतर त्या जागी आमच्या डोंगरातली जी कुणी बारकी येईल, तिच्या डब्याला हात लावणाऱ्याला आधी माझा हात बाजूला करावा लागेल.