तायडे मॅडमची मुसकी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. झाकण नीट न लागलेल्या प्लेटवर बुरशी येते, तसे ते येतात. तुम्ही आपले दुसऱ्याच कामात असता, आणि एक दिवस बघता तर प्लेट भरलेली! आमच्या मायक्रोबायोलॉजी डिपार्टमेंटचं तसंच झालं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धुळे आणि अमळनेरच्या मधल्या एका गावातलं कॉलेज. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझे नातेवाईक राहतात.

डिपार्टमेंट म्हणजे माणसं तीन. हेड तायडे मॅडम, मूळच्या बोदवडच्या. आवाज हळू, पण मान कधी खाली नाही. दुसरे चौधरी सर, घरची केळीची शेती, त्यामुळे पिशवीत कायम केळी. तिसरी मी, नुकतीच एम.एस्सी. होऊन लागलेली.

*

डिपार्टमेंटला खोली मिळाली ती सायकल स्टँडच्या मागची. आत मोडके बाक रचलेले. खिडकी एक, तीही उघडत नसे. मॅडम प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेल्या. साहेब हसले.

"अहो मॅडम, मायक्रो म्हणजे लहानच ना? मग लहान खोलीत भागेल की!"

मॅडम खुर्चीत बसल्यासुद्धा नाहीत.

"सर, तुमच्या एकट्याच्या पोटात जेवढे जंतू आहेत ना, तेवढी माणसं आपल्या अख्ख्या खानदेशात नाहीत. खोली मोठी लागेल."

साहेबांनी नकळत पोटावर हात ठेवला. शेजारची खोली आम्हाला मिळाली!

*

जंतूंना वाढवायला खाऊ लागतो. त्यात मांसाचा अर्क असतो. विकतचा यायला उशीर झाला की आम्ही बाजारातून मटण आणून लॅबमध्येच उकळायचो. वास पार ऑफिसपर्यंत जायचा.

एक दिवस कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे एक संचालक, नाना, दारात उभे. धोतर, टोपी, नाकाला रुमाल. आमच्या दोघांकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट मॅडमकडे बघून म्हणाले, "कॉलेजात मटण शिजतं म्हणे? तुमच्या घरी काय करायचं ते करा. हे विद्येचं मंदिर आहे."

'तुमच्या घरी' या शब्दांवरचा जोर आम्हा सगळ्यांना कळला. चौधरी सर लाल झाले. मी काचेचा रॉड हातात घट्ट धरून उभी.

मॅडमनी बर्नर बंद केला. पदर सारखा केला.

"शिजतं नाना, खोटं कशाला सांगू? पण पंगतीला जंतू बसतात, माणसं नाही. तुम्ही बसणार असाल तर पान मांडते."

नाना पुन्हा कधी आमच्या लॅबकडे आले नाहीत.

*

जंतू सदतीस डिग्रीला छान वाढतात. त्यासाठी इन्क्युबेटर लागतो, म्हणजे गरम ठेवणारी पेटी. पण मे महिन्यात खानदेशात खोलीच त्याच्या वर तापते! पेटीचं बटण न लावता जंतू मरायला टेकायचे. मग आम्ही जंतूंच्या काचेच्या प्लेटा एका मोठ्या माठाला टेकून ठेवायचो, वर ओलं गोणपाट, आणि तासातासाला पाणी मारायचं.

पुण्याहून तपासणी समिती आली. त्यांच्यातल्या एका साहेबांनी विचारलं, "थंड करणारा इन्क्युबेटर कुठाय?"

चौधरी सरांनी माठ दाखवला.

"हे सायन्स नाही," साहेब म्हणाले.

मॅडमनी गोणपाटाखालचा थर्मामीटर काढून त्यांच्या हातात दिला. बरोबर सदतीस. मग तोच थर्मामीटर बाहेर व्हरांड्यात धरून दाखवला. साहेबांच्या कपाळावरून घामाची धार लागलेली.

"सर, तुम्ही या माठाजवळ बसा," मॅडम म्हणाल्या, "सायन्सचं आपण नंतर बघू."

साहेब बसले! चहाही तिथंच घेतला.

*

आता खरं काम. आमच्या भागात जिनिंग फार. कापसातून सरकी वेगळी काढायची, तिथं शेडमध्ये दिवसभर बारीक तुसं उडत असतात. मशीनवर बायका कापूस टाकतात. त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर पांढरं साचतं, आणि प्रत्येक बाई खोकत असते. मॅडमना वाटलं, या हवेत काय काय आहे ते मोजावं, आणि ते नाकात जाऊ नये म्हणून कापडाची काहीतरी पट्टी तयार करावी.

चोपड्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये आम्ही जंतूंचा खाऊ भरलेल्या प्लेटा उघड्या ठेवल्या, मग झाकल्या आणि खोक्यात भरून एस.टी.त बसलो. कंडक्टर आला.

"खोक्यात काय आहे?"

चौधरी सर खोटं बोलूच शकत नाहीत. "जंतू," म्हणाले.

पुढच्या दोन सीटा क्षणात रिकाम्या! एका म्हातारीनं नातवाला उचलून थेट ड्रायव्हरच्या मागे नेलं. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. "उतरा खाली."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊ, हे जंतू इथल्याच हवेतले आहेत. हेच तुमच्या नाकात आहेत, माझ्या नाकात आहेत. तिकीट मी काढलंय. जंतू उतरवायचे असतील तर आधी सगळ्या पॅसेंजरांची नाकं उतरवा!"

गाडी खदखदून हसली. कंडक्टरनं दुहेरी घंटी दिली. अमळनेरपर्यंत मी पाय पसरून बसले, शेजारी कुणी आलंच नाही.

*

पट्टीसाठी आम्ही मिळेल ते कापड तपासलं. मलमल, मांजरपाट, माझ्या आईचं जुनं लुगडं. नळीला पंप जोडायचा, कापडातून धुळीची हवा ओढायची आणि मागच्या पांढऱ्या कागदावर किती काळं येतं ते बघायचं. जाड कापडातून धूळ येत नव्हती, पण श्वासही येत नव्हता. चौधरी सर प्रत्येक पट्टी बांधून जिना चढून बघायचे. एकदा गोणपाटाची पट्टी बांधून चढले आणि वरच्या पायरीवर मटकन बसले. शेवटी लुगड्याच्या मऊ सुताचे थर आणि वर मांजरपाट, हे जमलं.

आम्ही मोठ्या उत्साहानं पट्ट्या घेऊन जिनिंगवर गेलो. बायकांची पुढारी होती द्वारकाअक्का. उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. तिनं पट्टी उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "आम्ही काय बैल शेतस का, मुसकं बांधाले?"

मळणीच्या वेळी बैलानं धान्य खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ते मुसकं. बायका हसून हसून वाकल्या. नाव पडलं ते पडलंच.

मॅडमनी रागावून काही सांगितलं नाही. स्वतः मुसकं बांधलं आणि दिवसभर अक्काच्या शेजारी उभ्या राहून कापूस टाकला. संध्याकाळी सोडून दाखवलं. बाहेरची बाजू मळकट करडी, आतली पांढरी. अक्कानं मळक्या बाजूवर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "हाई बठ्ठं आमना छातीम्हा जास?"

हे सगळं आमच्या छातीत जातं? मॅडम फक्त "हो" म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात गेलो तर दोन-चार जणींनीच बांधलेलं. त्यानंतर गेलो तर झाडून साऱ्या! आम्हाला वाटलं, विज्ञान पोचलं. अक्कानं मला बाजूला घेतलं आणि कानात म्हणाली, "ताई, बेस शे हाई! आते मुकादमले बठ्ठ्या शिव्या देता येतस. कोन बोलनं, त्याले समजतच नई!"

*

मध्येच एक कडुनिंबाचं प्रकरण झालं. कडुनिंबाच्या पाल्यात उकळलेलं कापड जंतू मारतं, असं आमच्या पहिल्या प्रयोगात दिसलं. गावच्या वर्तमानपत्रानं ते छापलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलं. पुण्याच्या सेमिनारचं बोलावणं आलं.

मॅडमनी प्रयोग पुन्हा केला. जंतू मेले नाहीत. पुन्हा केला. चांगले गुबगुबीत वाढले!

साहेब म्हणाले, "मॅडम, पेपरात आलंय. आता तुम्ही गप्प बसा."

मॅडम सेमिनारला गेल्या, मी बरोबर होते. व्यासपीठावर उभ्या राहून त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं, "आमचं कापड चालत नाही." हॉलमध्ये हशा. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "बाई, मग इतक्या लांबून आलात कशाला?"

"उद्या तुमच्यापैकी कुणी हेच कापड एखाद्याच्या जखमेवर बांधू नये, म्हणून."

परत आल्यावर मॅडमनी ऑफिसातली फ्रेम खिळ्यावरून काढून साहेबांच्या टेबलावर पालथी ठेवली. भिंतीवरचा चौकोन मात्र बरेच दिवस पांढरा दिसत होता.

*

जिनिंगचे शेठ तसे गोड बोलणारे. पांढरा सफारी, हातात पानाचा डबा. आमच्या प्लेटा भरभरून जंतू आणि बुरशी दाखवतायत हे त्यांना कळलं, तसे ते कॉलेजात आले. "मॅडम, कापूस पांढरा असतो. पांढऱ्यात कसली आली घाण? तुमच्या अहवालात हवा स्वच्छ आहे एवढंच येऊ द्या."

मॅडम म्हणाल्या, "हवा स्वच्छ झाली की येईल."

दोन दिवसांनी दारात टेम्पो. त्यात नवाकोरा फ्रिज! लॅबला फ्रिज म्हणजे आमचं केव्हाचं स्वप्न. प्रिन्सिपॉलसाहेबांनी नारळही फोडला. मॅडम तासावर होत्या. त्या येईपर्यंत फ्रिज चालू झाला होता आणि चौधरी सरांनी पाण्याची बाटलीसुद्धा आत ठेवली होती.

मॅडम आल्या. फ्रिजकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. कोणी पाठवला ते विचारावंच लागलं नाही. दार उघडून त्यांनी बाटली काढली आणि टेम्पोवाल्याच्या हातात दिली.

"भाऊ, उन्हाचे आलात, पाणी प्या. आणि हा परत चढवा."

साहेब ओरडले, "मॅडम, हा संस्थेचा अपमान आहे!"

"मग संस्थेनं तो घरी न्यावा, सर. माझ्या लॅबमध्ये नको."

टेम्पो गेला. चौधरी सरांनी माठावर पाणी मारलं. अहवाल जसा होता तसाच सरकारी खात्याकडे गेला. इतकंच नाही, मॅडमनी तो जिनिंगच्या फाटकाबाहेर उभं राहून बायकांना सोप्या मराठीत वाचून दाखवला. द्वारकाअक्कानं मधेच थांबवून 'बुरशी' हा शब्द दोनदा वाचायला लावला.

*

शेठ चिडणारच होते. एक दिवस गुजरातचे व्यापारी माल बघायला यायचे होते. त्याच दिवशी आम्ही प्लेटा ठेवायला पोचलो, तर मुकादम फाटकाशी पोतं घेऊन उभा. आत येणाऱ्या प्रत्येक बाईचं मुसकं सोडून पोत्यात टाकत होता. शेठ शेजारी उभे. म्हणाले, "व्यापारी बघतील तर म्हणतील, मालात रोग आहे! माझ्या शेडमध्ये धूळबीळ काही नाही."

मॅडम पुढं झाल्या. पण त्यांच्या आधी अक्का मशीनजवळ जाऊन खाली बसली. मांडी घालून. मग तिच्यामागची बसली, मग सगळ्या. मशिनं रिकामीच खडखडत राहिली. मुकादम ओरडला, कुणी मान वळवली नाही.

शेठ आत आले. "काय पाहिजे तुम्हाला?"

अक्का म्हणाली, "काहीच नई, शेठ. धूळ नई शे ना आठे? मंग बसा आमनाजोडे. तुम्ही बसा, आम्ही काम करतस."

व्यापारी तोवर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार! शेठनी ऑफिसातली खुर्ची मागवली, अक्काच्या मशीनशेजारी ठेवली आणि पायावर पाय टाकून बसले. बायका उठल्या. कापूस पडू लागला.

तुसं उडाली. आधी सफारीवर बसली, मग मिशीवर, मग पापण्यांवर. शेठ हसून व्यापाऱ्यांशी बोलत होते. मग बोलणं कमी झालं. एकदा खाकरले. पान थुंकून आले, पुन्हा बसले. मान ताठ. मग खोकला सुरू झाला, आणि थांबेना. डोळ्यांतून पाणी, चेहरा तांबडा, एका हातानं खुर्चीचा हात धरलेला. पण उठायला तयार नाहीत. व्यापारी केव्हाच मागे उन्हात सरकले होते.

मी पुढं सरकले, तर मॅडमनी मला हातानं थांबवलं. एकही बाई हसली नाही. सगळ्याच खोकत होत्या.

अक्कानं हातातला कापूस खाली ठेवला. कमरेच्या ओच्यात हात घातला. मुकादमाला न सापडलेलं, स्वच्छ धुऊन घडी घातलेलं एक मुसकं बाहेर काढलं, झटकलं, आणि दोन्ही हातांनी शेठपुढं धरलं.

"हाई ल्या, शेठ. धुयेल शे."