सरांच्या भिंतीवरचं छापाचित्र

“बेरीज करू नका, भाऊसाहेब. एकेक घर बघा.”

जव्हारला आमच्या शेजारी राहणारे चित्रकलेचे निवृत्त सर मला हे नेहमी सांगत. त्यांच्या बैठकीत एक छापाचित्र होतं, तरुणपणी मुंबईच्या प्रदर्शनातून आणलेलं. काळ्यावर पांढऱ्या रेघा, कागदभर चौकोन. एकात मासा, दुसऱ्यात शिडी, तिसऱ्यात अर्धा चेहरा. कशाचा कशाशी संबंध नाही. मी कारकून माणूस. एकूण किती झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पाहुण्याने एक चौकोन निवडायचा, आत काय दिसतं ते सांगायचं, मगच चहा. तुम्हाला हा लहरीपणा वाटेल, मलाही वाटायचा. एकदा त्यांनी माझ्या मेहुण्याला “या, भाऊसाहेब” म्हटलं, तेव्हा उलगडा झाला. सरांचा मोतीबिंदू पिकला होता. सर आमच्या डोळ्यांनी चित्र बघत होते. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, “एक डोळा लहानपणीच गेला. उरलेल्यावर जुगार कोण खेळणार?”

एकदा साखरशेतहून रानभाज्या विकायला येणाऱ्या मावशी ओट्यावर टेकल्या होत्या. दारातून त्यांना चित्र दिसलं.

“गुरजी, लगीन कोनाचं? चौक लिवलाय भितीवं.”

त्यांच्याकडे लग्नघरातच भिंतीवर पांढऱ्या रेघांचा चौक लिहितात. सर खूश झाले. “लग्न नाही, मावशी. आत या, एक घर सांगा.”

मावशींनी खालच्या ओळीत बोट ठेवलं. “ही भाकर. नागलीची. दोन जागी करपलीय.”

“तो डोळा आहे,” सर म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं. “वर्तुळ. आत दोन ठिपके.”

“तुम्ही पंचनामाच करा, भाऊसाहेब.”

“डोला कसा? पापनी नाय त्याला,” मावशी म्हणाल्या. “तुमाला दिसत नाय व्हय, गुरजी?”

सरांनी त्या घरावरून बोट फिरवलं. काचेवर हाताला काय लागणार? “आता मलाच बघितलं पाहिजे,” ते हळूच म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मी त्यांना ऑपरेशनसाठी नाशिकला नेलं.

परत आल्यावर चपला न काढताच ते चित्रापुढे उभे राहिले. एकेक घर बघत खालच्या ओळीपर्यंत आले. मग हसायलाच लागले. “बटण आहे, भाऊसाहेब. शर्टाचं बटण. आपण तिघेही नापास.” त्या दिवशी कुंपणापलीकडून ते माझ्या बायकोलाही एकेक घर ओरडून सांगत होते.

हल्ली सर लेकीकडे असतात. चित्रही तिकडेच गेलं. मला आठवतात त्या मावशी, ऑपरेशननंतर पुन्हा भाजी घेऊन आलेल्या. सरांनी त्यांना ऐटीत बटण दाखवलं.

“तुमचं बटन असंल,” त्या म्हणाल्या. “मला भाकरच दिसती.”

सरांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि ते मावशींच्या शेजारी, त्यांच्याइतके वाकून उभे राहिले. “कुठे करपलीय म्हणालात? नीट दाखवा.”