ताडकळसच्या बाजारात भरलेलं रिटर्न

परभणीतल्या मोटारपंप आणि पाइपांच्या एका दुकानाचा मी टॅक्स मॅनेजर. बिलं जुळवायची, नोटिशीला गोड उत्तर द्यायचं आणि जीएसटीचं रिटर्न वेळेत भरायचं, हे माझं काम. आजवर एकदाही उशीर नाही, अशी फुशारकी मी मोंढ्याच्या सगळ्या बाजारपेठेत मारून ठेवलेली.

त्या दिवशी शेवटची तारीख. सगळं तयार, फक्त ओटीपी हवा. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुकान शेठच्या आईच्या नावावर, म्हणून ओटीपी काकूंच्या मोबाइलवर. आणि काकू ताडकळसच्या आठवडी बाजारात, बकरी घ्यायला!

फोन लावला.

"काकू, ओटीपी आलाय बघा. सांगा."

"न्हाई सांगत."

"अहो, मी बोलतोय!"

"आवाज तुमचाच हाय. पण चोर बी गोडच बोलतेत. तुमीच म्हणलाव न्हवं?"

म्हणालो होतो खरा. दिवाळीत फसवणुकीवर त्यांच्यापुढे हातवारे करून भाषण ठोकलं होतं.

"मग व्हिडिओ कॉल करतो, तोंड बघा."

"आता तोंड बी बनवतेत म्हणं. हेबी तुमीच सांगितलं."

शेठनं लावून पाहिला. पोटच्या पोरालाही तेच उत्तर. शेठ हसून लोळायचे बाकी; इकडे माझी अब्रू पणाला लागलेली. लॅपटॉप पाठीला बांधला आणि मोटारसायकलीला किक मारली.

काकू बाजारात एका काळ्या बकरीचे दात बघत होत्या. मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, दंडाला चिमटा काढला.

"खरेच हाव. धरा."

दोरी माझ्या हातात आली. त्यांच्याच मोबाइलचं नेट घेऊन कांद्याच्या पोत्यावर लॅपटॉप उघडला, नवा ओटीपी मागवला. तरी काकूंनी सांगितला नाहीच! चष्मा लावून, पदराआड मोबाइल धरून, एकेक आकडा स्वतः दाबला. ओटीपीची मुदत संपत आलेली, बकरी माझा शर्ट चघळत होती, आणि मी दोरी धरून उभा.

पडद्यावर हिरवी पट्टी आली. भरलं! आनंदाच्या भरात मी बकरीलाच कवटाळलं.

काकू दात-ओठ खात कानाशी आल्या. "सोडा तिला! अजून सौदा न्हाई झाला. तुमी लाड करायलाव अन् बकरीवाला तिकडं भाव वाढवायलाय."