थॉर्नटन म्हणजे काटेरी झाडांचं गाव

मैत्रिणींनो, दुपारचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत रहिवाशांच्या नावांचा फलक नव्याने रंगवला जातोय. सेक्रेटरी वडनेरकर मला म्हणाले, "थॉर्नटनबाई, तुमचं नुसतं 'सुशीला' लिहू का? येणाऱ्याला वाटतं, इथे कुणी गोरी मडम राहते!" पेंटरही हसला.

मी विचारलं, "तुमचं आडनाव कुठून आलं?"

"गावावरून. वडनेर."

"आणि वडनेर?"

"वडावरून असणार."

"माझंही तसंच. थॉर्नटन नावाची गावं इंग्लंडात आहेत. काटेरी झाडांजवळची वस्ती, असा अर्थ. शाळेत सिस्टरनी सांगितला होता. तुमचा वड, माझे काटे."

"पण ते साहेबाचं नाव ना?"

हो, साहेबाचंच! एकोणीसशे तीसच्या दशकात पटकीने घरची सगळी माणसं गेली, तेव्हा कोवळ्या वयाच्या माझ्या आजोबांना मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर थॉर्नटननी उशाशी बसून वाचवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी आजोबांनी ते आडनाव स्वतः मागून घेतलं. सखाराम हे नाव मात्र सोडलं नाही. सखाराम थॉर्नटन! मला मांडीवर घेऊन भाकरीचा पापुद्रा भरवणारे माझे आजोबा. लग्नानंतरही मी त्यांचं आडनाव बदललं नाही, ते काय आता फलकासाठी टाकू?

पेंटरसमोर उभं राहून मी पूर्ण नाव लिहून घेतलं, वडनेरकरांच्या नावाच्या बरोबर खाली.

तुमचं आडनाव तुम्हाला आपसूक मिळालं, की तुमच्या घरातही कुणी ते मागून घेतलं होतं?